जुन्या क्वालिसचा हायड्रॉलिक क्लच : पेडल खाली जाते, गिअर पडत नाही. दोष कुठे शोधावा?

वाशिष्ठी

नमस्कार. आमच्याकडे २००२ सालची टोयोटा क्वालिस आहे, २४४६ सीसीच्या डिझेल इंजिनाची. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि गेली सहा वर्षे ती मी चालवते. गाडीचे इंजिन आजही पहिल्या फिरकीत सुरू होते, त्यामुळे ती काढून टाकण्याचा विचार घरात कोणाच्याही मनात नाही. तक्रार आहे ती क्लचची, आणि ती आता अशा टप्प्यावर आली आहे की मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

जुलैमध्ये चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात एका वळणावर समोरून एसटी आली म्हणून मी गाडी थांबवली. पुन्हा निघताना पहिला गिअर पडेना. क्लच पूर्ण दाबलेला असूनही गिअरची दांडी दगडाला टेकल्यासारखी अडत होती. इंजिन बंद केले तेव्हा गिअर सहज पडला. मग गाडी गिअरमध्ये ठेवूनच स्टार्टर मारला, तर क्लच दाबलेला असतानाही तिने पुढे उडी घेतली. मागे गाड्यांची रांग, वरून पाऊस आणि शेजारी वडील बसलेले. पेडल भराभर चार वेळा दाबल्यावर क्लच थोडा जिवंत झाला आणि आम्ही हेळवाकपर्यंत पोहोचलो.

आता मागचा इतिहास सांगते, कारण तो महत्त्वाचा असावा असे मला वाटते. साधारण वर्षापूर्वी रिव्हर्स टाकताना करकर आवाज येऊ लागला होता. त्या वेळी एका गॅरेजमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सगळा संच बदलून घेतला. गिअरबॉक्स उतरवावा लागला आणि खर्चही बराच झाला. गाडी परत आली तेव्हा आवाज कमी झाला होता, परंतु पेडल पूर्वीपेक्षा मऊ लागत होते. मी तसे सांगितले, तर ‘नवीन प्लेट आहे, बसेल’ असे उत्तर मिळाले. घाटातल्या प्रसंगानंतर त्याच ठिकाणी दाखवले, तेव्हा पुन्हा गिअरबॉक्स उतरवून प्लेट पाहावी लागेल असे सांगण्यात आले. एका वर्षात तोच खर्च दुसऱ्यांदा करण्याआधी मला कारण समजून घ्यायचे आहे.

मला दिसलेल्या गोष्टी अशा. सकाळी पहिली पाच-दहा मिनिटे क्लच बरा चालतो आणि गाडी तापली की बिघडतो. सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून थांबले, तर काही सेकंदांनी गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागते. बॉनेटखाली क्लचची जी छोटी स्वतंत्र बाटली आहे, तिच्यातले ब्रेक ऑइल महिन्याला बोटाच्या पेरापेक्षा थोडे कमी एवढे उतरते, पण गाडीखाली डाग पडत नाही. पेडलच्या वरच्या बाजूला, जिथून दांडी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून) पलीकडे जाते, तिथला पत्रा चिकट लागतो आणि बाहेरच्या बाजूने मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर तेलाला देणाऱ्या वरच्या सिलिंडरच्या) खालचा रंग तळहाताएवढ्या जागेत सुटला आहे. ऑइलचा रंग काळ्या चहासारखा आहे.

मी यापूर्वी ब्रेक पॅड आणि डिझेल फिल्टर घरी बदलले आहेत. हे काम घरी होण्यासारखे आहे का?

जुना_फिटर

ताई, तुम्ही जे लिहिले आहे त्यात निम्मे निदान झालेच आहे. मी पुण्यात एकतीस वर्षे गाड्यांची कामे केली. आता हातात पाना फारसा धरवत नाही, पण क्लच हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

क्लच सुटत नाही म्हटले की बहुतेक जण प्लेटकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात झिजलेली प्लेट घसरते. म्हणजे इंजिन ओरडते आणि गाडी ओढत नाही. तुमची गाडी ओढते आहे, फक्त क्लच पूर्ण सुटत नाही. वाकलेली प्लेट, शाफ्टवरच्या खाचांत अडकणारी प्लेट किंवा चीर गेलेला फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दांडा) यांमुळेही तसे होऊ शकते, हे मी नाकारत नाही. पण हे दोष पेडल चार वेळा मारल्याने बरे होत नाहीत. पेडल मारल्यावर फरक पडतो याचा अर्थ तुमच्या पायाचा जोर खालपर्यंत पोहोचत नाही आणि तो वाटेत, तेलात, कुठेतरी हरवतो.

किती हरवतो हे समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. मास्टर सिलिंडरचा आतला व्यास ५/८ इंच, म्हणजे १५.८७ मिमी धरू, आणि खालच्या, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरचा ३/४ इंच, म्हणजे १९.०५ मिमी. (तुमच्या गाडीचे माप सिलिंडरच्या अंगावर कोरलेले असते, ते पाहून खात्री करावी.) पेडल पूर्ण दाबल्यावर मास्टरचा दट्ट्या साधारण २५ मिमी सरकतो. म्हणजे तो जेमतेम ५ मिलिलिटर तेल पुढे ढकलतो, चहाच्या एका चमच्याएवढे. तेवढ्यावर खालचा दट्ट्या १७ मिमीच्या आसपास सरकतो, तो फोर्क हलवतो, फोर्क बेअरिंग ढकलतो आणि शेवटी प्लेटला सुटायला जी मोकळीक मिळते ती मिलिमीटर-दीड मिलिमीटरची असते. आता या चमच्यातले एक मिलिलिटर तेल दट्ट्यावरच्या झिजलेल्या रबरी कपाच्या, म्हणजे तेल अडवणाऱ्या सीलच्या, कडेने मागे आले, किंवा अडकलेल्या हवेचा बुडबुडा दाबण्यात खर्ची पडले, तर खालचा साडेतीन मिमी प्रवास गेला. एवढा गेला की क्लच अर्धवट सुटतो.

त्यामुळे काही उघडण्याआधी मोजा. चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. क्वालिस उंच असल्यामुळे बहुतेक वेळा जॅक न लावता खालच्या सिलिंडरपर्यंत हात जातो. जॅक लावलाच तर घोडी (आधाराचा स्टँड) ठेवल्याशिवाय गाडीखाली शिरू नका. सिलिंडरची दांडी जिथे फोर्कला टेकते तिथे पोलादी पट्टी धरा आणि घरातल्या कोणाला तरी पेडल दाबायला सांगा.

पहिल्यांदा सावकाश एकदाच पूर्ण दाबून दांडी किती मिमी सरकली ते लिहून घ्या. नंतर पाच वेळा भराभर दाबून, पाचव्या वेळी धरून ठेवून पुन्हा मोजा. वाढ झाली तर तेलात हवा आहे, किंवा मास्टरचा कप गळतो, किंवा दोन्ही. त्यानंतर पेडल तसेच एक मिनिट दाबून धरायला सांगा आणि पट्टीवरून नजर हलवू नका. बाहेर कुठेही थेंब न येता दांडी हळूहळू मागे आली, तर मास्टरच्या आतला पुढचा कप तेल मागे सोडतो आहे. सिग्नलला गाडी सरकते असे तुम्ही लिहिले, ते याच कारणाने होत असावे. शेवटी खालच्या सिलिंडरचा रबरी बूट (तोंडावरचे टोपण) बोटाने उलटून पाहा. आत ओल असेल तर तोही गळतो आहे.

ही मोजणी होईपर्यंत गिअरबॉक्सला कोणालाही हात लावू देऊ नका.

रसायन_शिक्षक

ऑइलच्या रंगाविषयी थोडे लिहितो. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते डॉट ३ किंवा डॉट ४ असेल तर ते ग्लायकॉल ईथर वर्गातले असते. खनिज तेलाशी त्याचे काहीही नाते नाही. त्याचा एक स्वभाव असा की ते हवेतले पाणी शोषून घेते. म्हणूनच त्याचे दोन उत्कलनबिंदू दिले जातात. डॉट ३ ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सियसला उकळले पाहिजे आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १४० अंशांना. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत, झाकणाच्या श्वासछिद्रातून आणि रबरी होजच्या भिंतीतूनसुद्धा, हे पाणी आत जात राहते.

क्लचमध्ये ब्रेकइतकी उष्णता नसते, त्यामुळे तेल उकळण्याची भीती येथे दुय्यम आहे. खरे नुकसान गंजाचे आहे. पाणी मुरलेल्या तेलात सिलिंडरच्या भिंतीला बारीक खड्डे पडतात, त्या खड्ड्यांवरून रोज शेकडो वेळा घासत गेलेल्या कपाची कड फाटते आणि त्या रबराचा भुगा तेलाला काळे करतो. तुमच्या ‘काळ्या चहात’ बहुधा हाच भुगा आहे. दर दोन वर्षांनी तेल बदलावे असा जो सल्ला दिला जातो तो यासाठी. लोक ब्रेकचे तेल तरी बदलतात, क्लचच्या छोट्या बाटलीकडे मात्र गाडीच्या सबंध आयुष्यात कोणी पाहत नाही.

दोन सूचना कळकळीने करतो. हे तेल रंग खाते. फायरवॉलचा रंग सुटला आहे तो त्यामुळेच. सांडले तर पुसून न थांबता भरपूर पाण्याने धुवा आणि डोळ्यांत उडणार नाही याची काळजी घ्या. दुसरे म्हणजे बाटलीत कोणी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल तर भरले नाही ना, याची खात्री करा. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात बाटलीतले थोडे तेल सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, खनिज तेलाचे थेंब वर तरंगतात. तरंगले तर सगळी रबरे फुगलेली असणार आणि मग होजसकट सर्व रबरी भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

वाशिष्ठी

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी भावाला पेडलवर बसवून मोजणी केली. आकडे असे आहेत.

एकदाच सावकाश दाबल्यावर दांडी ९ मिमी सरकली. पाच वेळा मारून धरल्यावर १२ मिमी. त्याच स्थितीत एक मिनिट धरल्यावर ती मागे येत येत ६ मिमीवर आली. ती मागे येताना मी स्वतः पाहिली. पट्टीवरची एकेक रेघ सोडत ती इतकी शांतपणे सरकत होती की पट्टी धरली नसती तर काही घडते आहे हे कळलेही नसते. खालच्या सिलिंडरचा बूट उलटला तेव्हा आत ओलसर काळा चिखल होता, पण थेंब नव्हता. वर पेडलच्या दांडीभोवती टिश्यू कागद गुंडाळून ठेवला होता, तो पाऊण तासात ओला झाला. ग्लासातल्या पाण्यात तेल पूर्ण मिसळले, वर काही तरंगले नाही.

म्हणजे मास्टर सिलिंडर नक्की गेला आहे असे मी समजते. आता प्रश्न असा की फक्त रबरी किट टाकावे की पूर्ण सिलिंडर बदलावा? आणि खालच्याचे काय करावे?

जुना_फिटर

निदान बरोबर आहे. पुढचा कप तेल मागे सोडतो म्हणून दांडी परत येते आणि मागचा कप बाहेर सोडतो म्हणून पत्रा ओला होतो. दोन्ही सिलिंडरांचे काम एकाच वेळी करा. वरचा नवा झाला की दाब पूर्ण मिळू लागतो आणि आजवर कमी दाबावर कसाबसा तग धरून असलेला खालचा कप दोन-तीन महिन्यांत गळू लागतो. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की एकाचेच किट टाकून गाडी देणे मी शेवटच्या वर्षांत बंद केले होते.

पंचगंगा

किट की सिलिंडर, याचे उत्तर सिलिंडर उघडल्यावरच मिळते. आमचे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे काम आहे आणि असे जुने सिलिंडर आमच्याकडे येत असतात, म्हणून लिहितो.

दट्ट्या बाहेर काढल्यावर आतली भिंत स्वच्छ कापडाने पुसून उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात तिरकी धरून पाहा. नुसता तपकिरी डाग असेल आणि नखाला काही लागत नसेल, तर किट पुरते. नख अडकेल असा खड्डा असेल तर किट टाकून समाधान मानू नये. सिलिंडर बिडाचा असेल तर बारीक होन (भिंत घासून गुळगुळीत करणारे हत्यार) फिरवून अगदी उथळ खड्डे काढता येतात. पण जास्त घासले की व्यास वाढतो आणि नवा कप सैल बसतो. सिलिंडर ॲल्युमिनियमचा असेल तर होन फिरवण्याच्या भानगडीत पडू नका, कारण त्याच्या पृष्ठभागावर कडक केलेला पातळ थर असतो, तो निघून गेला की खालचा मऊ धातू महिन्यांत झिजतो.

ज्या गाड्यांचे सिलिंडर बाजारात मिळतच नाहीत, अशा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांसाठी आम्ही आतून बोअर मोठा करून पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतून बसणारी नळी) बसवतो आणि ती मूळ मापाला आणतो. त्यात बाटलीतून तेल उतरणारी जी दोन बारीक छिद्रे असतात, ती स्लीव्हमध्ये अचूक त्याच जागी पाडावी लागतात आणि त्यांच्या कडा आतून गुळगुळीत कराव्या लागतात. नाहीतर प्रत्येक दाबाला कपाची कड त्यावर तासली जाते. हे काम निगुतीने करणारा माणूस मिळाला तर सिलिंडर नव्याहून जास्त टिकतो. क्वालिससाठी मात्र एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. मास्टर आणि खालचा, दोन्ही पूर्ण नवे मिळतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात चौकशी करा आणि जुना सिलिंडर दुकानात सोबत न्या, कारण दिसायला सारख्या दोन सिलिंडरांचा व्यास वेगळा असू शकतो. चुकीच्या व्यासाचा बसवला तर पेडल जड तरी होते, नाहीतर प्रवास तरी कमी पडतो.

मस्कतवासी

मी ओमानमध्ये जुनी टोयोटा पिकअप चालवतो. येथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे रबराचे आयुष्य कमी असते. एक भाग कोणाच्या लिहिण्यात आला नाही म्हणून सांगतो : खालच्या सिलिंडरला जाणारा रबरी होज. तो बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगून त्याची वाट सुईएवढी होते. मग पेडल दाबल्यावर तेल खाली जाते, पण परत यायला वेळ लावते, आणि पाय काढल्यावरही क्लच काही क्षण घसरतो. वीस वर्षांचा होज असेल तर तो न तपासता बदलावा. सिलिंडरांच्या मानाने त्याची किंमत फार नसते.

देशावरचा

थोडे वेगळे मत मांडतो. घरी काम करणे ठीक आहे, पण नवख्या माणसाने पाईपच्या नटांना हात लावताना विचार करावा. माझ्या गाडीवर साध्या पान्याने नट सोडताना त्याचे कोपरे गोल झाले, मग पक्कड लावली, नळी पिळली गेली, आणि दोन तासांचे काम चार दिवसांवर गेले. शिवाय सर्वच गाड्यांत खालचा सिलिंडर बाहेर नसतो. माझ्या दुसऱ्या गाडीत तो गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती कड्यासारखा बसवलेला आहे. तो गळला की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि म्हणून त्या गाडीत क्लच प्लेट बदलताना तोही बदलून टाकणे शहाणपणाचे असते. हा धागा वाचणाऱ्यांनी आपल्या गाडीची रचना आधी पाहावी.

जुना_फिटर

योग्य मुद्दा आहे. ताई, फ्लेअर नटचा पाना विकत घ्या. तो रिंग पान्यासारखाच असतो, फक्त नळी आत सरकावी म्हणून त्याला एका बाजूला फट असते. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. नळीच्या दोन्ही टोकांना जोर न लावता एका पान्याने होजची बाजू धरा आणि दुसऱ्याने नट सोडा.

मास्टर काढताना क्रम असा ठेवा. प्रथम सिरिंजने बाटलीतले तेल काढा, खाली जाड कापड अंथरा, मग नळी सोडा. नंतर आत पेडलपाशी जाऊन स्प्लिट पिन आणि आडवी पिन काढा. ही जागा फार अडचणीची असते, टॉर्च तोंडात धरून पाठीवर झोपावे लागते. मग फायरवॉलचे दोन नट. नवा मास्टर बसवण्याआधी तो व्हाइसमध्ये हलकेच धरून त्यात तेल भरा आणि बोथट दांडीने दट्ट्या सावकाश दाबून बुडबुडे निघणे थांबेपर्यंत हवा काढा. नंतरचे निम्मे कष्ट वाचतात. कोठेही रबराला साधे ग्रीस लावू नका, ताजे ब्रेक ऑइल पुरते.

बसवल्यावर पेडलच्या दांडीला किंचित ढिलाई राहिली पाहिजे. टोयोटाच्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत पेडलपाशी मोजलेली ही दांडीची ढिलाई १ ते ५ मिमी असते. ती शून्य केली तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, तेल परत जाण्याचे छिद्र झाकलेले राहते आणि गाडी तापली की आपोआप दाब तयार होऊन नवी प्लेट घसरू लागते. पेडल वर घेण्याच्या हौसेने ही दांडी ताणणारे बरेच असतात.

वाशिष्ठी

काम झाले, पण पूर्ण झाले नाही. काय घडले ते नीट लिहिते.

जुना मास्टर टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला. दट्ट्या अडवणारी सर्क्लिप काढल्यावर तो स्प्रिंगच्या जोराने अर्धा बाहेर आला. पुढच्या कपाची कड हातात घेतली तर एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा नव्हताच, आणि उरलेली कड दाबल्यावर परत उभी राहत नव्हती. भिंतीवर एक काळी गोल रेघ होती आणि तिच्या खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे सात-आठ खड्डे होते. नख स्पष्ट अडकत होते. म्हणून पंचगंगा यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही सिलिंडर पूर्ण नवे आणले, होजही नवा घेतला. व्यास जुन्याशी ताडून पाहिले. होजच्या जोडावरची तांब्याची वॉशरेसुद्धा नवी टाकली.

जुना खालचा सिलिंडर कसा बसला होता त्याचे छायाचित्र घेऊन ठेवले होते, नवा अगदी तसाच बसवला. मग भावाला पेडलवर बसवले. मी खाली, हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचे दुसरे टोक तेलाच्या बाटलीत बुडवलेले. तो ‘दाबला’ म्हणाला की मी निपल पाव फेरा सोडायची, बंद केला की ‘सोड’ म्हणायची. वरची बाटली एकदाही रिकामी होऊ दिली नाही. पहिल्या दहा-बारा दाबांत फेस आला, नंतर स्वच्छ तेल. अर्धा लिटर तेल संपेपर्यंत हे चालले.

आता मोजणी अशी : एकदा दाबल्यावर साडेबारा मिमी. मिनिटभर धरल्यावरही साडेबाराच, म्हणजे मास्टर उत्तम आहे. पण पाच वेळा मारल्यावर १५ मिमी होतात आणि पेडल स्पंजासारखे लागते. नळीत मात्र एकही बुडबुडा येत नाही. हवा आहे तर ती निघत का नाही?

जुना_फिटर

ताई, एक प्रश्न. खालच्या सिलिंडरला दोन तोंडे आहेत, एकाला होज आणि दुसऱ्याला निपल. गाडीवर बसवल्यावर निपल वर आहे की खाली?

वाशिष्ठी

आत्ता जाऊन पाहिले. निपल खाली आहे आणि होज वर. जुना तसाच होता, म्हणून मी तसाच लावला.

जुना_फिटर

मग हवा निघेल कशी? ती नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. तुम्ही खालच्या तोंडातून तेल सोडता आहात आणि बुडबुडा वर, होजच्या तोंडाशी, निवांत बसला आहे. बऱ्याच सिलिंडरांत दोन्ही तोंडांचे आटे एकाच मापाचे असतात, त्यामुळे अदलाबदल होऊ शकते आणि ती करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मागच्या वर्षी गिअरबॉक्स उतरवताना तुमच्याकडे हेच घडले असणार. त्यानंतर पेडल मऊ लागते असे तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, ते अगदी खरे होते. तेव्हापासून क्लच बुडबुड्यासह चालत होता, आणि मास्टरचा कप जसजसा गेला तसतसा उरलेला प्रवासही गेला.

उपाय सोपा आहे. सिलिंडरचे दोन बोल्ट काढून तो होजसह मोकळा करा. दट्ट्या हाताने पूर्ण आत ढकला आणि तो बाहेर उडू नये म्हणून लाकडी ठोकळा लावून सी क्लॅम्पने हलकेच धरा. हे विसरलात आणि कोणी पेडल दाबले तर दट्ट्या बाहेर निघून सगळे तेल अंगावर येईल. दट्ट्या आत असला की आतली जागा कमी राहते आणि हवेला लपायला कोपरा उरत नाही. आता सिलिंडर असा धरा की निपल सर्वांत वर येईल, बोटाने त्याच्या अंगावर टिचक्या मारा आणि हवा काढा. हे आत्तापुरते. होज पुरत असेल तर तोंडांची अदलाबदल करून निपल कायमचे वर घ्या, म्हणजे पुढच्या माणसाला त्रास होणार नाही.

रसायन_शिक्षक

एकट्याने काम करणाऱ्यांसाठी पुरवणी : मोठ्या सिरिंजला नळी लावून निपलमधून ताजे तेल सावकाश वर ढकलले, तर हवा तिच्या नैसर्गिक दिशेने वर जाऊन बाटलीतून निघते. त्याआधी बाटलीतले तेल अर्ध्यावर आणा, नाहीतर ते वरून सांडून रंगावर जाईल. आणि नळीतून आलेले जुने तेल पुन्हा बाटलीत ओतू नका, ते कितीही स्वच्छ दिसत असले तरी.

वाशिष्ठी

काल संध्याकाळी केले. होज दीड इंचाने कमी पडेल अशी भीती होती, पण तो पुरला. निपल आता वर आहे. सिलिंडर हातात धरून टिचकी मारली तेव्हा नळीतून वाटाण्याएवढे सलग चार बुडबुडे गेले, मग बारीक मोहरीसारखे, आणि नंतर काहीच नाही. भाऊ पेडलवरूनच ओरडला की पाय अचानक वर आला. पेडल एका दाबातच जागच्या जागी घट्ट उभे राहिले होते.

मोजणी : एकदा दाबल्यावर १६ मिमी, पाच वेळा मारल्यावर १६ मिमी, मिनिटभर धरल्यावर १६ मिमी. पेडलपाशी दांडीची ढिलाई ३ मिमी ठेवून लॉक नट आवळला आहे. फायरवॉलचा सुटलेला रंग खरवडून तिथे प्रायमर मारला.

आज वडिलांना घेऊन कुंभार्ली चढून कोयनानगरपर्यंत गेले आणि परत आले. त्याच वळणावर मुद्दाम थांबून रिव्हर्स टाकला. आवाज नाही, अडणे नाही. घरी आल्यावर गरम गाडीवरच पुन्हा मोजले, १६ मिमीच भरले. बूट उलटून पाहिला, कोरडा आहे.

एक शेवटची शंका. बाटलीतले नवे तेल एका दिवसात किंचित करडे झाले आहे. काळजीचे कारण आहे का?

जुना_फिटर

नाही. लोखंडी नळीत जुन्या तेलाचा जो थर राहिला होता तो सुटतो आहे. पंधरा दिवस गाडी वापरा, मग सिरिंजने बाटली रिकामी करून ताजे तेल भरा आणि निपलमधून साधारण शंभर मिलिलिटर सोडा, तेवढ्याने ते स्वच्छ होईल. त्यानंतरही काळे होत राहिले तर मला लिहा, मग नळी उघडून पाहावी लागेल. आणि दांडीचे हे १६ मिमी गाडीच्या वहीत आजच्या तारखेसह लिहून ठेवा.